न छापलेला मृत्युलेख

१२ जानेवारी

केटिल,

तुझ्या नावाआधी कोणतेही विशेषण लावलेले नाही, त्याचा भलता अर्थ काढू नकोस. नऊ वर्षांच्या खंडानंतर बापाने मुलाला काय म्हणून संबोधावे हे मला ठरवता आले नाही, आणि जे नीट ठरलेले नाही ते मी कागदावर उतरवत नाही.

रीगाहून आलेले तुझे नाताळचे कार्ड मिळाले. मागच्या वर्षीचेही मिळाले होते. दोन्हींवरचा मजकूर शब्दशः सारखा आहे.

मुद्द्याचे सांगतो. काल बेर्गल्योत घरी आली होती. ती आता मासळीच्या कारखान्यात पाळीप्रमुख आहे आणि गेली सहा वर्षे आपल्या क्लबची अध्यक्ष. माझी विद्यार्थिनी, त्रिकोणमितीत कच्ची, एरवी समंजस. तिने दारात बूट काढले, पण अंगातला कोट काढला नाही. त्यावरून ती बसायला आलेली नाही, भांडायला आली आहे, हे मी ओळखले.

"केटिलने क्लबकडे अर्ज केलाय. माहीत आहे तुला?"

"नाही."

"खेळणार आणि शिकवणार, दोन्ही. पगाराचा तर शब्दही काढला नाही त्याने."

"मग घ्या की."

"घ्या की, म्हणे. मी एकटी घेणारी कोण? सत्तावीस फेब्रुवारीला सभेत मतं पडायचीत. आणि एविन्दुरने आत्तापासूनच टुमणं लावलंय. ज्याला स्वतःच्या आईसाठी चार ओळी खरडता आल्या नाहीत, त्याच्या हाती आपली पोरं द्यायची का, म्हणतो. गॅरेजात टायर बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतोय."

मी तिच्यापुढे कॉफी ठेवली.

"तू काही बोलणार आहेस का, आस्मुन्दुर?"

"फुटबॉलमधले मला काही कळत नाही."

"फुटबॉलचं कोण विचारतंय तुला?"

एविन्दुरचे बोलणे असभ्य आहे, निराधार नाही. आपल्याकडे अंत्यविधीच्या सकाळी लोक आधी वर्तमानपत्र उघडतात, मग काळे कपडे घालतात. गेलेल्या माणसासाठी कोणी लिहिले, किती लिहिले, आणि कोणी लिहिले नाही, हे कॉफी निवण्याच्या आत खाडीकाठच्या सगळ्या गावाला पाठ झालेले असते. तुझ्या आईसाठी सात जणांनी लिहिले. त्यात मी होतो, तिची बहीण हाल्बेरा होती, पोस्टातली सहकारीण होती. तिचा एकुलता एक मुलगा नव्हता. तू अंत्यविधीलाही पोहोचू शकला नाहीस. पठारावरचा रस्ता दोन दिवस बर्फाने बंद होता, हे लोक विसरले. लेख नव्हता, हे विसरले नाहीत.

तो का नव्हता हे मी तुला तेव्हाच सांगितले आहे. त्यात भर घालण्यासारखे काही नाही.

तुझ्या कारकिर्दीविषयी माझे मत तू विचारलेले नाहीस, तरी देतो. दहा क्लब, आठ देश. नॉर्वे, बेल्जियम, स्कॉटलंड, तुर्कस्तान, डेन्मार्क, सायप्रस, पोलंड, लाटव्हिया. चारशे सहा सामने, एकोणीस गोल, बहात्तर पिवळी कार्डे. राष्ट्रीय संघाकडून दोन सामने, दोन्ही मिळून एकतीस मिनिटे. बेल्जियममध्ये पहिला पूर्ण हंगाम तुला उजव्या बाजूला खेळवले, तो त्या प्रशिक्षकाचा अडाणीपणा होता, असे जाणकारांनी लिहिले आहे. हे आकडे कोणालाही उपलब्ध असतात. मी ते पाहतो याला विशेष अर्थ नाही. इतके फिरून माणूस नेमका कुठे पोहोचला, असे मी एकदा हाल्बेराला म्हणालो होतो. ती म्हणाली, "तू कोपनहेगनला सहा वर्षं काढून डॉक्टरेट घेतलीस आणि ज्या शाळेत शिकलास तिथेच फळा पुसायला आलास. तू कुठे पोहोचलास?" हाल्बेराला तुलनेचे नियम माहीत नाहीत.

तुला परत का यायचे आहे, ते कळव. सभेत कोणी विचारलेच तर माझ्याकडे अचूक उत्तर असावे.

आस्मुन्दुर

१ फेब्रुवारी

केटिल,

तुझे उत्तर मिळाले. अकरा ओळी, त्यांतल्या चार हवामानावर. तू लिहितोस, "गुडघा अजून दोन हंगाम चालेल. आठ भाषांत 'मागे ये' म्हणून ओरडून घेतलं, आता आपल्या भाषेत ऐकायचंय. आणि आईपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहायचंय. यापेक्षा अचूक उत्तर माझ्याकडे नाही." शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. आधीची दोन मी पुन्हा पुन्हा वाचली.

काल हिवाळी मेजवानी झाली. मी दरवर्षी जातो आणि दरवर्षी पश्चात्ताप करतो. मेंढीची मुंडकी अति शिजलेली होती, आंबवलेला शार्क मात्र यंदा बरा होता. जेवणानंतर गावाची वर्षभराची टिंगल, ती तुला ठाऊक आहे. कोणालाही सोडायचे नाही आणि कोणी रागवायचे नाही, हा नियम. मी मुख्याध्यापक असताना माझी नक्कल सलग बावीस वर्षे झाली. चाल जमायची त्यांना. वाक्यरचना कधी जमली नाही.

यंदाची संहिता एविन्दुरने लिहिली होती. बोटीवरचा एक धिप्पाड गडी दोन सूटकेस घेऊन मंचावर आला. समोर टेबलाशी टोपी घातलेला अधिकारी.

"नाव?"

"केटिल."

"कुठला?"

"आधी कुठला ते सांगू, का आत्ता कुठला?"

लोक हसले. मीही हसलो, वाक्य वाईट नव्हते. मग त्या अधिकाऱ्याने सूटकेस उघडायला लावल्या. दहा क्लबांचे दहा सदरे बाहेर निघाले, प्रत्येक सदऱ्यावर एकेक शेरा. स्कॉटलंडच्या सदऱ्यातून पाणी पिळून काढले. माणसे डोळे पुसत होती. शेवटी अधिकाऱ्याने विचारले, "लिहिता-वाचता येतं का?"

"आठ भाषांत."

"मग हा घे कागद, आणि आईसाठी दोनच ओळी लिही बघू."

त्या गड्याने पेन हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, खाली ठेवले आणि डाव्या पायाने मंचाबाहेर उडवले. नेम चांगला होता. पेन पहिल्या रांगेपर्यंत आले.

हशा झाला, पण तो अर्ध्यात थांबला. तीनशे माणसे एकाच वेळी माझ्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होती. बेर्गल्योत माझ्या समोरच बसली होती. काटा खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "जोड्याने मारल्यासारखं वाटलं मला. तुला नाही वाटलं?"

"ही मेजवानी आहे. इथे रागवायचे नसते."

"तुला रागव कोण म्हणतंय? तू बाप आहेस त्याचा. उठून एवढं तरी म्हण, की पुरे झालं."

मी उठलो नाही. थोड्या वेळाने सगळे नेहमीप्रमाणे गाऊ लागले, आणि मीही तिसऱ्या कडव्यापर्यंत गायलो.

हे तुला कळवण्याचे कारण एवढेच, की सभेत काय होईल याचा अंदाज तुला असावा. एविन्दुरच्या बाजूने निदान पंचवीस मते आहेत. अठ्ठावन्न सभासदांत हा आकडा लहान नाही. ज्या एका गोष्टीमुळे तुझे घरी येणे अडले आहे, ती गोष्ट दूर करणे कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न काल रात्रीपासून माझ्यापुढे आहे. उत्तर मला माहीत आहे. ते लिहिण्यासाठी दुसरा कागद घ्यावा लागेल.

आस्मुन्दुर

४ फेब्रुवारी

केटिल,

तुझा लेख वेळेवर आला होता.

सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तो माझ्या संगणकावर पोहोचला. वर्तमानपत्राची मुदत मंगळवारी दुपारी बाराची होती. सगळ्यांचे लेख गोळा करून पाठवण्याचे काम मी अंगावर घेतले होते, कारण शब्दमर्यादा कोणी पाळत नाही. सहा जणांचे लेख आणि माझा स्वतःचा मी सोमवारी संध्याकाळी पाठवला. तुझा पाठवला नाही. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी तू पठार ओलांडून आलास, ओसरीत बूटही न काढता उभा राहिलास आणि विचारलेस, "माझं का नाही छापलं?" मी म्हणालो, "उशीर झाला, अंक बंद झाला होता." तू वर्तमानपत्राला फोन करून खात्री करून घेतली नाहीस. मी खोटे बोलत नाही, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मी त्या दिवशी वापरली.

आता दुसरी गोष्ट, जी तुला माहीत नाही. वादळामुळे अंत्यविधी दोन दिवस पुढे ढकलू, असे पाद्रीबाईंनी आपणहून सुचवले होते. असे नेहमीच होते, कोणी त्यात गैर मानत नाही. मी म्हणालो, वेळ छापून झाली आहे. तू तेव्हा राजधानीच्या विमानतळावर बाकड्यावर बसून होतास.

लेख का पाठवला नाही, तेही सांगितले पाहिजे.

शेवटची परीक्षा तीन महिन्यांवर असताना तू शाळा सोडून नॉर्वेला निघालास, त्या संध्याकाळी जेवताना मी काय म्हणालो ते आपल्या तिघांनाही पाठ होते: शाळा पूर्ण केल्याची पांढरी टोपी डोक्यावर चढवून दाखवत नाहीस, तोवर तुझा एकही सामना या घरातले कोणी पाहणार नाही. माझ्या शाळेतून एकशे नव्वद मुलांनी माझ्या हातून ती टोपी घेतली होती, आणि माझाच मुलगा चेंडूमागे चालला होता. तू सतरा वर्षांचा होतास. तुझी आई स्टेनुन उठली. तिने ताटे उचलली. मी ते संमती म्हणून धरले.

तुझ्या लेखावरून मला कळले, की ती वर्षातून एकदा, कधी दोनदा, चार दिवस हाल्बेराकडे अकुरेयरीला म्हणून जायची, ते अकुरेयरी कधी नॉर्वेत होते, कधी बेल्जियममध्ये, कधी स्कॉटलंडमध्ये. दहा वर्षांत अकरा वेळा. मी तिला बसपर्यंत सोडायला जात असे. हाल्बेराला माझा नमस्कार सांग, असे म्हणत असे. परत आल्यावर ती हाल्बेराचा नमस्कार सांगत असे, आणि तो खरा असे, कारण त्या दोघी फोनवर सगळे ठरवून ठेवत. तू शेवटी लिहिले होतेस, "आई, बाबांना सांगू नकोस, असं तू म्हणायचीस. आता सांगतो."

हे सगळ्या देशाने कॉफीबरोबर वाचले असते. माझ्या बायकोला माझी इतकी धास्ती होती, की मुलाला भेटायचे तर तिला खोटे बोलून बस पकडावी लागे. मला ते सहन झाले नाही. दुःख म्हणून नव्हे, बदनामी म्हणून. हा फरक मी तेव्हाही जाणत होतो.

आणि एक गोष्ट, ती न लिहिता हे पत्र बंद करावे असे फार वाटले. तो लेख मी छापून घेतला आणि वाचताना हातात लाल पेन्सिल होती. सवय म्हणून होती असे म्हणता येईल, पण सवय हा बचाव मी कोणत्याही विद्यार्थ्याचा मान्य केलेला नाही. मी समासात दुरुस्त्या केल्या. दुसऱ्या परिच्छेदाला 'विस्कळीत' असा शेरा दिला. आणि शेवटी गुण दिले. दहापैकी साडेसहा. स्टेनुनला जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.

सत्तावीस तारखेला मी सभेत उभा राहीन आणि तुझा लेख अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवीन. त्यानंतर एविन्दुरकडे मुद्दा उरणार नाही. तू घरी येशील. यात काही चूक राहत असेल तर कळव.

आस्मुन्दुर

२८ फेब्रुवारी

केटिल,

तुझे उत्तर सभेच्या आदल्या दिवशी हाती आले. ते मी इथे पुन्हा उतरवतो, कारण पुढचे सगळे त्यावर बेतलेले आहे.

"वाचायचा नाही. तो आईसाठी लिहिला होता, मला नोकरी लावून देण्यासाठी नाही. नऊ वर्षं तू तो लपवलास, आणि आता तूच तो मंचावर मिरवणार, आणि सगळे म्हणणार, बघा आस्मुन्दुरचा प्रामाणिकपणा. कबुलीतही तुला पहिला नंबर हवा असतो. तुझं जे आहे तेवढं कबूल कर. माझं मला परत पाठव. नाही घेतलं त्यांनी तर नाही घेतलं."

पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चिडलो. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा त्यात दुरुस्त करण्यासारखे काही सापडेना.

सभा कपडे बदलण्याच्या खोल्यांवरच्या दालनात होती. ओल्या मोज्यांचा वास आणि एकोणसाठ खुर्च्या. मी हात वर केला. बेर्गल्योत म्हणाली, "तू सभासद नाहीस, आस्मुन्दुर. तुला बोलता येत नाही."

"मग मला सभासद करून घ्या."

तिने टेबलावरून एक छापील अर्ज पुढे केला. मी चष्मा लावला. जन्मतारखेचा रकाना दोनदा होता आणि नावाचा अपुरा.

"फॉर्म तपासू नकोस. भर."

सगळे हसले. मी भरला. नव्या सभासदाला त्या सभेत मत देता येत नाही, बोलता येते. तो नियम मात्र सुस्पष्ट आहे.

एविन्दुर माझ्याआधी बोलला. बरे बोलला. तो म्हणाला, "डावा पाय चांगलाय त्याचा, कोण नाही म्हणतंय? पण आपल्या पोरांना आपण नुसता पाय शिकवायला पाठवत नाही. माझी आई गेली तेव्हा मी तिच्यासाठी लिहिलं. मला लिहिता येत नाही, या आस्मुन्दुरला विचारा. तरी रात्रभर बसून लिहिलं. कारण ते करायचं असतं."

मग मी उभा राहिलो. घरी बावीस वाक्ये तयार केली होती. तुझ्या पत्रानंतर तीन उरली. "केटिलने आईसाठी लिहिले होते. ते मुदतीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आले होते. मी ते अडवले आणि त्याला खोटे सांगितले."

एविन्दुर बसल्या जागेवरून म्हणाला, "का?"

"त्यात माझ्याविषयी खरे लिहिले होते."

"वाचून दाखव मग."

"नाही. तो माझा नाही."

"आत्ता नाही म्हणतोस?" तो उठून उभा राहिला. "माझ्या थोरल्याचा पेपर तीन मिनिटं उशिरा आला म्हणून तू घेतला नव्हतास. तीन मिनिटं. रस्त्यावर मेंढ्या होत्या. मी स्वतः आलो होतो तुझ्या दारात, टोपी हातात घेऊन. काय म्हणाला होतास?"

"मुदत म्हणजे मुदत."

"मुदत म्हणजे मुदत," तो म्हणाला, सगळ्यांकडे वळून. "एक वर्ष गेलं पोराचं. आणि इकडे वेळेवर आलेला कागद हा दाबून बसलाय."

मागून कोणी तरी म्हणाले, "बस आता खाली, आस्मुन्दुर." मी बसलो. बेर्गल्योतने विचारले, हे इतिवृत्तात घ्यायचे का. मी म्हणालो, शब्दशः घ्या.

मतदान चिठ्ठ्यांवर झाले. पस्तीस तुझ्या बाजूने, तेवीस विरुद्ध. तू येत आहेस. दहा एप्रिलपासून बंदरावरची वरच्या मजल्याची खोली क्लबने तुझ्यासाठी ठेवली आहे. औपचारिक पत्र बेर्गल्योत पाठवील. त्यात चुका असतील, सांभाळून घे.

बाहेर पडताना एविन्दुर जिन्यापाशी थांबला होता. "मी विरोधात टाकली चिठ्ठी," तो म्हणाला. "तुझ्याविरुद्ध होती ती. तुझं नाव चिठ्ठीवर नव्हतं, म्हणून पोराला लागली. त्याला सांग तेवढं." सांगितले.

सोबत तुझा लेख आहे. लाल खुणा खोडून टाकाव्यात असे मनात आले होते. एका ओळीवर खोडरबर फिरवलाही, कागद तिथे थोडा विरला आहे. मग थांबलो. ते पुसणे म्हणजे पुन्हा एकदा तुझ्या कागदावर हात चालवणे झाले असते. जसा होता तसा पाठवत आहे. प्रत ठेवलेली नाही.

आस्मुन्दुर

४ मे

केटिल,

तू इथे आल्याला तीन आठवडे झाले. आपण दुकानात दोनदा भेटलो आणि वाऱ्याविषयी बोललो. तुझ्या खिडकीपासून माझ्या दारापर्यंत आठशे पावले आहेत, तरी टपालाने लिहीत आहे. जे काल कुंपणापाशी बोलता आले नाही ते समोरासमोर आजही बोलता येणार नाही, याची मला खात्री आहे.

गावाचे म्हणशील तर ते आपल्या पद्धतीने वागते आहे. सकाळी सातला पोहण्याच्या तलावावरच्या गरम कुंडात पूर्वीसारखीच सगळी मंडळी असतात. मी उतरलो की बोलणे हवामानावर येते आणि माझ्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढे पाणी मोकळे राहते. तक्रार नाही. पाणी चांगले गरम असते.

काल मी सामन्याला आलो, कारण सभासदाला प्रवेश असतो. तू मला आधी पाहिले नसावेस. मी डाव्या बाजूला, कोपऱ्याच्या झेंड्यापासून थोडा अलीकडे उभा होतो. बेर्गल्योत शेजारी होती आणि न विचारता समजावून सांगत होती. चारशे सहा सामन्यांचे आकडे मला तोंडपाठ आहेत, आणि तरी माणूस खेळताना कसा दिसतो याची मला काहीही कल्पना नव्हती. तू सारखा बोलतोस. हाताने, खांद्याने, तोंडाने. घरात तू इतका बोलत नसायचास, किंवा मी असताना बोलत नसायचास.

एकाहत्तराव्या मिनिटाला तू जागा सोडून पुढे गेलास. चेंडू गेला, आणि तू मोकळी सोडलेली जागा त्यांनी वापरली. गोल झाला. बेर्गल्योत पुटपुटली, "केटिलचीच चूक." तीनशे लोकांना ते कळले होते. तुझ्या चेहऱ्यावर काय दिसेल, म्हणून मी पाहत राहिलो. खरे सांगायचे तर, तू कोणाकडे बोट दाखवतोस हे पाहत होतो. तू गोलरक्षकाकडे वळून हात वर केलास, 'माझं होतं' एवढाच त्याचा अर्थ, आणि लगेच चेंडू मागितलास. कोणी काही म्हटले नाही. सामना पुढे सुरू झाला.

मी बेर्गल्योतला विचारले, "हे असे नेहमी करतात?"

"काय?"

"हात वर."

"चूक झाली की करतात. न करणाऱ्याबरोबर कोणी खेळत नाही," ती म्हणाली, जणू मी पाण्याला ओले का म्हणतात असे विचारले होते.

मला तो हात वर करायला किती काळ लागला हे आपण दोघे जाणतो, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

एक-दोन असा हरलात. लोक गेल्यावर तू कुंपणापाशी आलास. इथून पुढचे मी शब्दशः लिहितो, कारण रात्रभर तेच डोक्यात आहे.

"थंडी नाही वाजत, बाबा?"

"वाजते."

"आई मोज्यांवर मोजे घालायची."

"कुठे?"

"सगळीकडेच. स्कॉटलंडमध्ये तर तीन जोड."

"कोणत्या बाजूला उभी राहायची?"

"डाव्या. मी जिकडे असायचो तिकडे. मध्यंतरानंतर बाजू बदलते ना, मग तीही अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडे यायची. पर्स आणि थर्मास घेऊन. तिथला दारवानसुद्धा ओळखायला लागला होता तिला."

"आणि?"

"आणि काय? ते असं कुंपणाला टेकून सांगण्यासारखं नाही," तू म्हणालास आणि अंघोळीला निघून गेलास.

तुझा लेख मी बदनामीच्या भीतीने अडवला, असे मी फेब्रुवारीत लिहिले होते. ते खरे होते, पुरेसे नव्हते. त्या कागदात एक बाई होती जी तुझ्या ओळखीची होती आणि माझ्या नव्हती. पर्स आणि थर्मास घेऊन मैदानाला वळसा घालणारी. अडतीस वर्षांचा संसार केलेल्या माणसाला हे दुसऱ्याच्या लेखात वाचावे लागले, आणि मला तो दुसरा माणूस आवडला नाही, तो माझा मुलगा असूनही. म्हणून साडेसहा. माझ्या लेखाचे तेव्हा सर्वांनी कौतुक केले होते. काल घरी येऊन तो पुन्हा वाचला. त्यात एकही चूक नाही, आणि स्टेनुनही नाही.

मला ते अकरा प्रवास हवे आहेत, केटिल. सगळे. तुला परवडेल त्या क्रमाने, हवे तितके विस्कळीत. गुरुवारी तुमचा सराव नसतो असे बेर्गल्योतकडून कळले. गुरुवार नको असेल तर दुसरा कोणताही दिवस, आणि माझ्या घरी नको असेल तर तुझ्या खोलीवर. उत्तराची घाई नाही असे लिहिणार होतो, पण ते खोटे झाले असते. घाई आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे.

विचारायचे प्रश्न लिहून काढले, ते सदतीस भरले. छत्तीस तू नाही म्हणालास तरी चालतील. पहिल्याचे उत्तर मात्र दे. तू खेळत असताना ती तिकडे कडेला उभी राहून ओरडायची का? मी तिचा चढलेला आवाज कधी ऐकलेला नाही.

बाबा